कपोलाचे १२ कोटी डॉलर : 'मेगालोपोलिस'चा हिशेब नेमका कसा मांडायचा?

तिकीटखिडकी (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "१२ कोटी लावले, दीड कोटीसुद्धा परत आले नाहीत, म्हाताऱ्याची हौस." हे वाक्य डोक्यातून जाईना. त्यातला आकडा चुकीचा नाही. पण तो आकडा म्हणजे हिशेब नव्हे. त्या धाग्यावर विषयांतर नको म्हणून इथे वेगळं लिहितोय.

आधी जे सगळ्यांना ठाऊक आहे ते. 'द गॉडफादर'चा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला याने आपल्या 'मेगालोपोलिस' या सिनेमावर सुमारे १२ कोटी डॉलर लावले. आपल्या भाषेत हजार कोटी रुपये, आणि तेही स्वतःचे. सिनेमा २७ सप्टेंबर २०२४ ला अमेरिकेत १,८५४ थिएटरांत लागला. पहिल्या तीन दिवसांत तिकिटांचे साधारण ४० लाख डॉलर जमले. पुढे अमेरिकेतला एकूण गल्ला ७६ लाखांच्या आसपास थांबला आणि जगभरचा १.४३ कोटींवर. सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्यांना विचारून सिनेमास्कोअर ही संस्था जी श्रेणी देते, ती मिळाली डी प्लस, म्हणजे जवळजवळ तळाची.

आता ४० लाखांना १,८५४ ने भागा. एका थिएटरमागे तीन दिवसांत २,१५० डॉलर. तिकीट १२ डॉलरचं धरलं तर १८० माणसं. दिवसाला चार खेळ, तीन दिवसांचे बारा. म्हणजे एका खेळाला पंधरा माणसं. हा अंदाज आहे, आयमॅक्सच्या मोठ्या पडद्याचं तिकीट महाग असल्याने प्रत्यक्षात माणसं आणखी कमीच असतील. मला 'एवढे कोटी बुडाले' यापेक्षा हे पंधरा लोक जास्त लागले. चाळीस वर्षं मनात बाळगलेला सिनेमा, ८५ व्या वर्षी पडद्यावर आला, आणि समोर पंधरा जण.

पण मुद्दा पुढचा. १.४३ कोटी हा तिकीट खिडकीवरचा गल्ला. त्यातला साधारण निम्मा थिएटरवाले ठेवतात. उरले सत्तर लाख. त्यातून वितरकाचं कमिशन जातं. लायन्सगेट या वितरक कंपनीने सिनेमा अमेरिकेत लावला, पण जाहिरातीचा खर्च कपोलानेच उचलला. तो दीड ते दोन कोटी डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. म्हणजे थिएटरांतून जे हातात आलं, त्यातून जाहिरातीचासुद्धा खर्च निघाला नाही. मूळ १२ कोटींपर्यंत एक डॉलरही पोहोचला नाही.

धंद्यात पैसे परत मिळण्याची रांग ठरलेली असते. आधी थिएटर, मग वितरक, मग जाहिरातीचा खर्च, मग कर्ज देणारा आणि सगळ्यात शेवटी ज्याने जोखीम घेतली तो. मोठ्या स्टुडिओत या रांगेत वेगवेगळे लोक उभे असतात आणि तोटा वाटला जातो. इथे पहिले दोन सोडले तर पुढे सगळीकडे एकच माणूस उभा होता.

म्हणून माझा प्रश्न : हा सिनेमा पडला हे मान्य, पण कुणासाठी पडला? थिएटरवाल्याचं फार गेलं नाही. लायन्सगेटचं फार गेलं नाही. कुठल्या भागधारकाचंही गेलं नाही. ज्याचं गेलं, त्याने ते जाणूनबुजून लावलं होतं. अशा सिनेमाला आपण स्टुडिओच्या सिनेमाचीच पट्टी लावायची का?

---

शेवटची_रांग

उत्तम धागा. मला वाटतं सुरुवात १९७६ पासून करायला हवी, कारण कपोलाने हे पहिल्यांदा केलेलं नाही.

त्याच्या 'अपोकॅलिप्स नाऊ'चं शूटिंग मार्च १९७६ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झालं. मे महिन्यात वादळाने सेट उद्ध्वस्त केले. पुढच्या मार्चमध्ये नायक मार्टिन शीनला हृदयविकाराचा झटका आला. सव्वा कोटीच्या आसपास धरलेला खर्च तीन कोटींच्या वर गेला. युनायटेड आर्टिस्ट्स या स्टुडिओने ठरलेल्या रकमेपलीकडचा भार कपोलावर टाकला आणि त्याने घरदार, मालमत्ता सगळं तारण ठेवलं. तेव्हाही वर्तमानपत्रांत हेच छापून येत होतं की माणूस वेडा झालाय, हा सिनेमा कधी पुरा होणार नाही. १९७९ ला फ्रान्समधल्या कान महोत्सवात पाम दोर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं (ते 'द टिन ड्रम'बरोबर विभागून होतं), ऑगस्टमध्ये सिनेमा लागला आणि चालला.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लोक सोडून देतात. जोखीम त्याची होती म्हणून हक्कही त्याच्याकडे आले. २००१ मध्ये ४९ मिनिटं वाढवून 'रिडक्स' आला, २०१९ मध्ये 'फायनल कट' आला. प्रत्येक वेळी नवा प्रदर्शनाचा करार, नवी डिस्क, नवी टीव्ही विक्री. 'द गॉडफादर' त्याहून मोठा सिनेमा, पण तो पॅरामाउंटचा. तिथे कपोला पगारी दिग्दर्शक होता, नफ्यात वाटा मिळाला तरी मालकी नाही.

शेतकऱ्याला विचारा, खंडाने केलेली जमीन आणि सातबारा नावावर असलेली जमीन यात काय फरक असतो ते. 'मेगालोपोलिस'चा सातबारा कपोलाच्या नावावर आहे. पीक पहिल्या वर्षी जळालं हे खरं.

---

न्यूजर्सीकर

त्या पंधरांतली मी एक. एडिसनजवळच्या मल्टिप्लेक्सला, पहिल्या शनिवारी दुपारी. आम्ही नऊच जण होतो. त्यातले दोघे मध्येच उठून गेले.

मला सिनेमा अर्धा कळला, अर्धा नाही. पण एक सांगते, पुढच्या शुक्रवारी परत जावं म्हटलं तर आयमॅक्सचा पडदा गेला होता. ४ ऑक्टोबरला दुसरा 'जोकर' लागला आणि मोठे पडदे त्याच्याकडे गेले. तो स्टुडिओचा सिनेमा, खर्च २० कोटी डॉलरच्या घरात, आणि प्रेक्षकांनी त्याला डी दिला. कपोलाच्या डी प्लसपेक्षाही खाली! म्हणजे ज्याच्यासाठी याला हटवलं, तोही पडलाच. मोठ्या पडद्यासाठी बनवलेल्या सिनेमाला मोठा पडदा मिळाला एकच आठवडा, हे मला आजही खुपतं.

---

हिशेबनीस

धागाकर्त्यांचा हिशेब बरोबर आहे. दोन-तीन भर घालतो. पेशाने सीए आहे, त्यामुळे शब्दांबद्दल जरा काटेकोर आहे.

एक, "कपोलाने द्राक्षमळे विकले" असं सरसकट म्हटलं जातं. त्याच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी होत्या. कॅलिफोर्नियात नापातली इंग्लनूक ही जुनी इस्टेट. तिचा एक भाग त्याने १९७५ मध्ये 'गॉडफादर'च्या पैशांतून घेतला, त्याचाच 'ड्रॅक्युला' चालल्यावर १९९५ मध्ये उरलेला घेतला. ती त्याने विकली नाही. दुसरी सोनोमा काउंटीतली, त्याच्याच नावाची वायनरी. २०२१ मध्ये डेलिकाटो या कंपनीला गेली ती ही. बदल्यात डेलिकाटोमधला हिस्साही मिळाला आणि त्या जोरावर सिनेमासाठी पैसा उभा राहिला. म्हणजे हे तिजोरीतले सुटे पैसे नव्हते. यात कर्ज होतं. आणि कर्जाचं मीटर सिनेमा पडल्यावर थांबत नाही, चालूच राहतं. तिकीटखिडकी यांच्या रांगेत व्याज धरलेलंच नाही. १२ कोटींवर वर्षाला नुसतं ५ टक्के धरा, ६० लाख डॉलर होतात. थिएटरांतून जेमतेम सत्तर लाख आले. बाकी सगळे खर्च बाजूला ठेवले तरी ते जवळपास एका वर्षाच्या व्याजाएवढेच.

दोन, शूटिंग जॉर्जिया राज्यात का? सिनेमातलं शहर तर न्यूयॉर्कसारखं आहे. कारण जॉर्जिया तिथे केलेल्या खर्चावर २० टक्के करसवलत देतं आणि श्रेयनामावलीत राज्याचं बोधचिन्ह दाखवलं तर आणखी १०. ही सवलत दुसऱ्याला विकता येते, त्यामुळे ज्या निर्मात्याला तिथे करच भरायचा नाही त्यालाही तिचे रोख पैसे करता येतात. आज अमेरिकेत कुठलाही मोठा सिनेमा कुठे बनतो हे दिग्दर्शकाच्या नजरेइतकंच या सवलतीवर ठरतं.

तीन, शेवटची_रांग, सातबाऱ्याचा दाखला आवडला. पण जमिनीवर बोजा चढवलेला असेल तर सातबारा नावावर असून उपयोग किती, हेही बघावं लागतं. मालकी आणि परवडणं या दोन गोष्टी वेगळ्या.

---

सांगलीचा_पडदा

आमचं एकपडदा थिएटर होतं. वडिलांनी चालवलं, नंतर मी, २०११ मध्ये बंद केलं. "थिएटरवाल्याचं फार गेलं नाही" या वाक्यावर थोडं बोलायचं आहे.

आमच्याकडे दोन पद्धती होत्या. एक म्हणजे वितरकाने आठवड्याचं ठरलेलं भाडं द्यायचं आणि गल्ला त्याचा. दुसरी टक्केवारीची. कधी एमजी, म्हणजे सिनेमा घेतानाच आम्ही वितरकाला किमान इतके मिळतील अशी हमी द्यायची आणि सिनेमा पडला की ती आमच्या बोकांडी. मल्टिप्लेक्स आल्यावर, २००९ च्या निर्मात्यांच्या संपानंतर, हिंदीसाठी एक गणित बसलं : कर वजा जाता उरलेल्या रकमेतून वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. अमेरिकेतही तत्त्व हेच, सुरुवातीला वितरकाचा वाटा मोठा, पुढे थिएटरचा वाढत जातो.

याचा अर्थ बघा. जो सिनेमा हळूहळू चढतो, तोंडी प्रसिद्धीवर पाचव्या आठवड्यात भरतो, त्यात थिएटरवाल्याचा फायदा जास्त. मग तो असा सिनेमा का टिकवून धरत नाही? कारण पहिल्या आठवड्यात पंधरा माणसं आली तर त्याचा खरा धंदाच बसत नाही. आमचं पोट तिकिटावर नव्हतं हो, कँटीनवर होतं. सायकल स्टँड आणि कँटीन. मध्यंतराला वडापाव, चहा, सोडा. दीडशे माणसं असली की त्यात पगार निघायचे. पंधरा माणसं म्हणजे प्रोजेक्टरचं आणि पंख्यांचं वीजबिल अंगावर. अमेरिकेत वडापावच्या जागी पॉपकॉर्न, एवढाच फरक.

वडिलांनी एकदा एक समांतर सिनेमा दोन आठवडे हट्टाने चालवला. नाव सांगत नाही. रोज संध्याकाळी हिशेबाची वही उघडायचे आणि मिटायचे. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी एक शिक्षक बायकोमुलांना घेऊन पुन्हा आले, त्यांना तिकीट न घेता आत सोडलं. थिएटरवाल्याचं जातं हो. थोडंथोडं जातं, कुणाच्या बातमीत येत नाही एवढंच.

---

तिकीटखिडकी

@सांगलीचा_पडदा, काका, माझं ते वाक्य मी मागे घेतो. हा प्रतिसाद वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ.

---

कॅमेऱ्यामागची

मी मुंबईत सहायक दिग्दर्शक म्हणून अकरा वर्षं काम करते. इथे सगळे पैसा लावणाऱ्याबद्दल बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू.

दिग्दर्शकाचा पैसा असला की सेटवर 'नाही' म्हणणारा कुणी उरत नाही. स्टुडिओचा निर्माता कितीही छळवादी असला तरी त्याचं एक काम असतं : आज हा शॉट नको, पुढे चला. 'मेगालोपोलिस'च्या वेळी शूटिंग सुरू असतानाच व्हिज्युअल इफेक्ट्सची टीम बदलली. आधी एलईडी भिंतींच्या स्टुडिओत, म्हणजे जिथे मागचं दृश्य भिंतीवरच दिसतं, करायचं ठरलं होतं, ते सोडून मागचं दृश्य नंतर भरायच्या हिरव्या पडद्याकडे वळावं लागलं. कला विभागातलेही लोक गेले. ज्यांनी असं काम केलंय त्यांना कळेल की मधेच पद्धत बदलली की आधी केलेलं काम आणि त्याचे पैसे दोन्ही वाया जातात. हे १२ कोटींच्या आतच कुठेतरी आहे.

आणि तरीही मी त्याच्या बाजूची आहे, का ते सांगते. त्याने शूटिंगच्या जवळ एक मोटेलच विकत घेतलं, माणसांना राहायला आणि संकलनासाठी. पुढे ते हॉटेल म्हणून चालवायला घेतलं. हॉटेलची बिलं भरण्यापेक्षा भिंती आपल्या असू देत, असा विचार करणारा माणूस हिशेबात कच्चा नसतो. त्याची निवड वेगळी असते.

मी एका निर्मात्याकडे चार महिने काम केलं, सिनेमा चालला, सक्सेस पार्टी झाली, आमचा शेवटचा हप्ता आजतागायत आलेला नाही. तिकीट खिडकीवर तो 'हिट' आहे. म्हणून 'कुणासाठी पडला' हा प्रश्न मला फार बरोबर वाटतो. त्याच्या जोडीला 'कुणासाठी चालला' हाही विचारा.

---

दोन_रुपये

माझ्या नावावरून ओळखलं असेलच काय लिहिणार ते.

'मेगालोपोलिस' कानला १६ मे २०२४ ला दाखवला गेला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच महोत्सवात, श्याम बेनेगलांचा 'मंथन' (१९७६) नव्याने साफ करून दाखवला गेला. त्याचे पैसे कुणी घातले होते? गुजरातच्या सहकारी दूध संघाच्या पाच लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी दोन रुपये. दहा लाखांत सिनेमा. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, पडद्यावर स्मिता पाटील.

आणि गंमत अशी की पैसे लावणारे तेच प्रेक्षक. गावोगावचे शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेले. पंधरा माणसांचा प्रश्नच आला नाही, कारण पाच लाख माणसं आधीच त्या सिनेमात होती.

त्याच वर्षी कानमध्ये ग्रँड प्री हे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला. मुंबई आणि रत्नागिरीतला सिनेमा, आपली छाया कदम त्यात. पैसा फ्रान्स, भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग असा थोडाथोडा जमवलेला. एकाच महोत्सवात तीन वाटा दिसल्या : एका माणसाची सगळी पुंजी, अनेक देशांतला वाटून घेतलेला पैसा, आणि पाच लाख लोकांचे दोन-दोन रुपये. मला तिसरी वाट सगळ्यात सुंदर वाटते. पण आज सहकारी संघ कुणाच्या सिनेमाला पैसे देईल का, हेही इथल्या जाणकारांनी सांगावं.

---

शेवटची_रांग

दोन_रुपये, सुंदर आठवण. चौथी वाटही आपल्याकडचीच, आणि सगळ्यात जुनी. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढलं, १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला. सरस्वतीबाईंचे दागिने गेले. सावकारांना विश्वास बसावा म्हणून वाटाण्याचं रोप उगवतानाचं छोटं चित्रण करून दाखवलं. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

---

हिशेबनीस

फाळके, 'अपोकॅलिप्स' ही उदाहरणं जिंकलेल्यांची आहेत. हरलेलं उदाहरण कपोलाचंच आहे, आणि ते कुणीच काढलं नाही.

'वन फ्रॉम द हार्ट', १९८२. हॉलिवूडमध्ये स्वतःचा स्टुडिओ विकत घेतला, आत अख्खं लास वेगास उभं केलं. खर्च २.६ कोटी डॉलर. अमेरिकेतला गल्ला सुमारे साडेसहा लाख. लाख, कोटी नाही. स्टुडिओ विकावा लागला. त्यानंतरचं जवळपास सगळं दशक त्याने देणी भागवण्यासाठी दुसऱ्यांचे सिनेमे करत काढलं. सावरलं ते १९९२ च्या 'ड्रॅक्युला'ने, ४ कोटींचा सिनेमा, जगभर साडेएकवीस कोटी. तेव्हा तो ५३ वर्षांचा होता. दहा वर्षं कर्ज फेडायला वय होतं. ८५ व्या वर्षी तो हिशेब लागू होत नाही.

त्याच सुमाराचा मायकल चिमिनोचा 'हेवन्स गेट' (१९८०) बघा. ४.४ कोटी खर्च, ३५ लाख गल्ला. तिथे पैसा युनायटेड आर्टिस्ट्सचा. दुसऱ्या वर्षी ती कंपनीच एमजीएमला विकली गेली आणि पुढे बरीच वर्षं स्टुडिओ दिग्दर्शकाच्या हातात मोकळा चेक द्यायला घाबरले. म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने बुडालात तर तुमच्यामागून येणाऱ्या दिग्दर्शकांची दारं बंद होतात. स्वतःच्या पैशाने बुडालात तर तुम्हीच बुडता. या एका बाबतीत मी धागाकर्त्यांशी पूर्ण सहमत आहे.

---

नवा_भिडू

मग एवढं मोठं करायचंच का? 'अनोरा' ६० लाख डॉलरमध्ये झाला, कान जिंकला, ऑस्कर जिंकला, साडेपाच कोटींच्या वर गल्ला केला. कमी पैशांत आपल्या मनासारखं करता येतंच की.

---

तिकीटखिडकी

@नवा_भिडू, मुद्दा योग्य आहे आणि नव्या मुलांना मी हेच सांगेन. कपोलानेही 'यूथ विदाउट यूथ', 'टेट्रो', 'ट्विक्स्ट' असे छोटे सिनेमे स्वतःच्या पैशाने केले होतेच. पण 'अनोरा'च्या हिशेबातही एक ओळ वाचा : त्याला ऑस्करपर्यंत न्यायला झालेला प्रचाराचा खर्च निर्मितीच्या जवळपास तिप्पट होता. सिनेमा स्वस्तात होतो, तो लोकांपर्यंत नेणं स्वस्तात होत नाही. आणि काही गोष्टी छोट्या करताच येत नाहीत. 'मेगालोपोलिस'मध्ये आहे तसं रोमचं साम्राज्य आणि आजची अमेरिका एकमेकांवर ठेवून बघायची असेल, तर दोन खोल्यांच्या घरात ते मावत नाही. ते करू नये असं म्हणता येईल. ते छोटं करावं असं मात्र म्हणता येत नाही.

@हिशेबनीस, वयाचा मुद्दा मला खोडता येत नाही.

---

न्यूजर्सीकर

एक भर. २०२५ च्या उन्हाळ्यात कपोला स्वतः हा सिनेमा घेऊन अमेरिकेत शहराशहरांत फिरला. सुरुवात आमच्या न्यू जर्सीतल्या रेड बँकपासून. सिनेमा दाखवायचा आणि नंतर लोकांशी बोलायचं. मला जाता आलं नाही, मैत्रीण गेली होती. ती म्हणाली, सभागृहात माणसं बरीच होती आणि उठून कुणी गेलं नाही.

---

सांगलीचा_पडदा

हे वाचून बरं वाटलं. पूर्वी आमच्याकडे तंबू थिएटरवाले जत्रेजत्रेला पेटी घेऊन फिरायचे. मालक स्वतः दारात उभा राहायचा.

---

हिशेबनीस

आणखी एक नोंद. डिसेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलिप्सच्या लिलावात कपोलाची काही घड्याळं गेली. त्यातलं एक घड्याळकार एफ. पी. जूर्नचं, ज्यात धातूच्या हाताची बोटं उघडमीट करून तास दाखवतात. ती कल्पना कपोलानेच जूर्नला २०१२ मध्ये सुचवली होती. ते एकटं घड्याळ सुमारे १.०८ कोटी डॉलरला गेलं. 'मेगालोपोलिस'चा नायक वेळ थांबवू शकतो, हे ज्यांनी बघितला त्यांना आठवत असेल.

वरच्या हिशेबात ही रक्कम कुठल्या रकान्यात धरायची, ते धागाकर्त्यांनी सांगावं.

---

तिकीटखिडकी

निर्मिती खर्चाच्या. तो अजून सिनेमाच करतोय.